निळ्या कोटातला मुलगा आणि आमची सीडी ड्राइव्ह

मुकुटबन,
मंगळवार

तीर्थरूप किसनमामा यांना अर्पिताचा वाकून नमस्कार.

यवतमाळच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेलं लोणचं संपलं. आईनं बरणी धुऊन ठेवली आहे, त्यातून काय समजायचं ते मामी समजतीलच. आम्ही सगळे बरे आहोत. घरातल्या कापसानं अंगाला खाज सुटते, पण ती अख्ख्या गावाला सुटते, म्हणून तिला कोणी आजार म्हणत नाही. भाव येईपर्यंत बाबांनी कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला आहे. सरकारी खरेदी सुरू होणार असं आम्ही रोज ऐकतो. सुरू झाली असंही ऐकतो. फक्त आपल्यापैकी कोणाची गाडी आत गेल्याचं अजून ऐकलेलं नाही.

राळेगावच्या स्थळाची सीडी मिळाली. मुलाला हंगामात सवड नाही, म्हणून त्याच्या थोरल्या भावाच्या लग्नाची सीडी पाठवतो, तीत निळ्या कोटात दिसेल तो आपला, हा तुमचा निरोप आईनं नीट सांगितला. (मुलगी पाहायला माणसं येतात आणि मुलगा पाहायला सीडी येते, ही प्रगतीच म्हणायची.) तुम्ही शब्द देऊन रविवारी अंगठी घालून साक्षगंध करायचं ठरवून टाकलं. मी बाबांना एवढंच म्हटलं, की आधी मुलगा पाहीन, मग हो म्हणीन. आई म्हणाली, "मामानं पाह्यला ना? मंग तुले कायले पाहाचा आहे?" बाबांनी तोड काढली, की रविवारच्या आत दिसला तर दिसला, नाहीतर मामाचे डोळे तेच आपले डोळे.

म्हणून तुम्ही दिलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले. "घराण्यातली पहिली पदवीधर, तिला नवं कोरं यंत्र," असं तुम्ही माझ्या सत्कारात माइकवरून सांगितलं होतं. (मागच्या बाजूला तुमच्या ऑफिसचा 'निकामी' असा शिक्का आहे. मी त्यावर दिनदर्शिका लावली आहे.) तरी माझा त्याच्यावर फार जीव आहे. गावातल्या बायका संध्याकाळी येऊन त्यावर स्वतःचं नाव टाइप करतात आणि ते पडद्यावर उमटलं की लाजतात. तर सीडी ठेवली. ड्राइव्हचा खण आत गेला, पिठाच्या गिरणीसारखी घरघर झाली, आणि सीडी जशी घेतली तशी बाहेर आली. आपली नापसंती इतक्या उघडपणे सांगायची सोय या घरात फक्त ड्राइव्हला आहे.

नवरदेव दिसणार म्हणून गल्ली जमली होतीच, त्यामुळे उपायांना तोटा नव्हता. शेजारच्या विमलताईंनी सीडी राखेनं घासायला घेतली. ("भांडं कसं निघते वो, मंग हे काहून नाही निघणार?") मी ती त्यांच्या हातातून हिसकावली. बाबांनी मशीनला थाप मारली, कारण टीव्ही तसाच चालतो. आईनं ड्राइव्हला हळदकुंकू लावलं. मी पांढरकवड्याला गझालाला फोन केला. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, तिचा कॉम्प्युटर क्लास आहे. ती म्हणाली, "अवं, पहले दुसरी सीडी टाकून पाह्य. नवरदेव खराब आहे का मशीन खराब आहे, ते तं समजन!"

दुसरी सीडी देवीलालनं आणली. लग्नाकार्यात भोंगे लावतो तोच हा देवीलाल, त्यामुळे वायर असलेल्या सगळ्या वस्तू आपल्या अधिकारात येतात असं तो मानतो. त्याचीही सीडी चालली नाही. म्हणजे दोष मशीनमध्ये. मी केबल तपासत होते तेवढ्यात त्यानं "मदरबोर्ड गेला" असं जाहीर केलं, अख्खा डबा उचलून पोत्यासारखा उलटा केला आणि हलवला. आतून टणकन काहीतरी पडलं. "हे पाहा काका, आतला पार्टच निघाला," असं म्हणून त्यानं ते बाबांच्या हातावर ठेवलं. बाबांनी दाताखाली धरून पाहिलं. "सरकी होय लेका."

उंदरांनी कापसाच्या ढिगातून सरकी आत नेली होती, म्हणजे कापूसही आत गेलेला असणार. मग मी ड्राइव्ह सोडवून स्क्रू काढले. आत लहानसं भिंग असतं, तेच सीडी वाचतं. त्याच्यावर मोतीबिंदूसारखा कापूस चढला होता आणि ज्या दांडीवरून ते सरकतं तिच्याभोवती धागा गुंडाळला होता. गझाला फोनवर म्हणाली, "आता कापसानं हलकेच पूस." मी म्हटलं, कापसानंच तर बिघडलं आहे, दुसरं काहीतरी सांग. शेवटी बाबांचा दाढीचा नवा, कोरडा ब्रश वापरला. (त्यांना अजून सांगितलेलं नाही.) पुन्हा सगळं बसवलं, सीडी ठेवली, आणि मामा, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही न अडकता चालली. तेव्हा काळजी नसावी. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमच्या आज्ञेतली, निदान या ओळीपर्यंत,
अर्पिता

ता. क. सीडीत काय दिसलं ते लिहायचं राहिलं. हुंड्यातली मोटारसायकल मांडवाबाहेर सुरू होईना. निळा कोट तिच्यावर बसला होता आणि नवरीचे वडील, डोक्यावर फेटा, मागून ढकलत होते. ते धापा टाकत थांबले, तेव्हा निळा कोट मागे न पाहता म्हणाला, "जोर लावा ना काका! पोरगी देल्ली, तं गाडीबी चालू करून द्या!" आवाज अगदी स्वच्छ आला. सगळे हसले. सगळ्यांत पुढे, हातात जिलबीची प्लेट घेऊन, तुम्ही हसत होतात. विमलताईंनी विचारलं, "हे आपले किसनभाऊ होय का?" बाबांनी या मशीनला आजवर थापेशिवाय हात लावला नव्हता. ते उठले, बरोबर खण उघडायचं बटण दाबलं, सीडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वापस धाड."

दुसरी ता. क. सीडी याच पाकिटात आहे. ती घेऊन रविवारच्या आत तुम्ही स्वतः राळेगावला जायचं आणि आमचा नकार सांगायचा. हो म्हणून तुम्ही आला होतात, मी नाही.

तिसरी ता. क. मशीन जुनं होतं, पोरीला सीडी दिसलीच नाही, असं सांगून सुटू नका. ड्राइव्ह मी दुरुस्त केली आहे. मुलगा नीट दिसला, असंच सांगा.