आतून लावलेली कडी

सातारा
११ डिसेंबर २०२३

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन केला होतास, असं निमिषनं सांगितलं. माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. यंत्र लावलं तरी फोनमध्ये नुसती खरखर ऐकू येते, समोर बसलेल्या माणसाचं मात्र ओठांवरून कळतं. म्हणून आपलं पत्रच बरं.

ह्यांना जाऊन परवा महिना झाला. तेराव्याला आदित्य येऊन गेला, पण त्या गर्दीत आत्या-भाच्याचं चार शब्दांचं बोलणंही झालं नाही. तुला ताप होता, त्यामुळे तू आली नाहीस याचं मनात काही आणू नकोस. घरात अजून माणसांचा राबता आहे. येणारी प्रत्येक बाई माझा हात धरून बसते आणि मलाच तिची समजूत घालावी लागते. निमिष आईला इतका जपतो की चहाचा कपसुद्धा उचलू देत नाही. वहिनी, मी दमले आहे.

अस्थी घेऊन आम्ही दोघं तीन जानेवारीला काशीला येतोय. सकाळी संकठा घाटावरून नाव करून विसर्जन होईल. त्यानंतरचा तो एक दिवस मला तुझ्याकडे हवा आहे. आईची रीत तुला माहीत आहे : माहेरच्यांनी घरी नेऊन गोडाचं जेवू घालावं, पातळ द्यावं आणि दुखवटा काढावा, मगच बाईनं दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकावं. मी आजवर कुणाकडे गेलेले नाही. दादा असता तर तोच न्यायला आला असता. आता तो नाही, तेव्हा माहेर म्हणजे तूच.

देवळं नकोत, भेटीगाठी नकोत. दार लोटून घेऊ. तू काहीतरी निवडत बस, मी रजईत पडून तुझ्याकडे बघत राहीन. लहानपणी थंडीत शाळा बंद पडली की तू असे कितीतरी दिवस मला घरबसल्या, बिनखर्चात सजवून दिलेस. तसा एकच दे.

आदित्य-रुचीला आशीर्वाद. तुझ्यापाशी हक्कानं मागता येतं, एवढा तुझा लोभ आहेच.

तुझी,
इंदू


काशी
१९ डिसेंबर २०२३

चि. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. रत्नाकररावांचा हसरा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. तू दमली असशील यात नवल ते काय. माणसांना वाटतं दुःखाला सोबत लागते. त्याला झोप लागते, हे कुणाला सुचत नाही.

पण इंदू, योग बघ कसा. नेमकी दोन तारखेला मी रामनगरला जाते आहे. गीता, माझी शाळेतली जुनी सहकारी, तुला आठवत असेल. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि जवळ कुणी नाही. चार-पाच दिवस तरी राहावं लागेल. एरवी पूल ओलांडून पळत आले असते, पण सध्या इथे कोहरा असा दाट आहे की दहापर्यंत समोरचं माणूस दिसत नाही आणि माझे डोळेही आता तसले. आदित्य आणि रुची त्याच सुमारास लखनौला जातील, म्हणजे घर बंदच राहील. विसर्जन सांगणाऱ्या गुरुजींच्या धर्मशाळेत खोल्या स्वच्छ आहेत, गरम पाणी मिळतं. निमिषला तिथेच उतरायला सांग.

दुखवट्याचं पातळ मी आजच पोस्टानं पाठवते आहे. फिकट जांभळं, बारीक काठाचं. पुढच्या खेपेला चांगली आठ दिवस राहायला ये, तुझे सगळे लाड करीन.

कानटोपी विसरू नकोस. वहिनीवर राग नसावा.

तुझी,
शरदिनी वहिनी


सातारा
१५ जानेवारी २०२४

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आज संक्रांत. आमच्याकडे यंदा तिळगूळ नाही, म्हणून हे कोरडंच पत्र.

विसर्जन नीट झालं. नाव मणिकर्णिकेवरून पुढे गेली तेव्हा धुक्यात तिथल्या चिता दिसत नव्हत्या, नुसता तांबूस उजेड दिसत होता. निमिष रडला, मी नाही. नंतर त्याला जरा झोप म्हटलं आणि मी एकटीच गल्लीत शिरले. घर बंद आहे असं तू कळवलं होतंस. म्हटलं, दार बंद असेना, त्याला हात लावून येऊ.

दार उघडं होतं, वहिनी. वर इंग्रजी पाटी होती. दादाच्या बैठकीत टेबल टाकून एक चष्मेवाली मुलगी बसली होती. आंटीजी, बुकिंग आहे का, असं तिनं हिंदीत विचारलं. माझ्याच घरात मला ते ओठांवरून वाचावं लागलं. मी म्हटलं, बुकिंग नाही, हे माझं माहेर आहे. मग तुझं नाव सांगितलं. तू रामनगरला गेली आहेस, असं ती म्हणाली. फार गोड मुलगी, पण खोटं बोलताना तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

मी बाकावर बसले. समोर भिंतीवर नाश्त्याची काळी पाटी. त्यावर पोहे, घुगनी, आल्याचा चहा आणि त्या दिवसाची तारीख. खडूनं लिहिलेलं असलं तरी ते तुझं कॉन्व्हेंटमधलं अक्षर मी ओळखणार नाही का? मला लिहायला तूच शिकवलंस.

मुलीनं पाणी दिलं. ते प्यायले तर माहेरचं पाणी म्हणून धरायचं की नाही, हे मला ठरवता येईना, म्हणून प्यायले नाही. वीस-एक मिनिटं बसले असेन. मग निमिष जागा होईल म्हणून उठले. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

पातळाचं पार्सल आलं. ते न उघडता कपाटात ठेवलंय. पोस्टानं दुखवटा निघत नाही.

घराचं काय केलंत हे मी विचारत नाही. ते घर तुमचं आहे, तुम्ही चालवता. मला एवढंच लिहून कळव, की त्या दिवशी तू काय करत होतीस. खरं लिही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आज लोभाचं काही लिहवत नाही.

इंदू


काशी
२३ जानेवारी २०२४

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद. घेशील तर.

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी आधी माझी बाजू यायची, ती फाडली. तू विचारलंस तेवढंच लिहिते.

पाचला उठले. मटारची घुगनी फोडणीला टाकली, पोहे भिजवले. त्या दिवशी सहा पाहुणे होते. पाटी लिहिली. साडेआठला सगळ्यांचं खाणं झालं. आदित्य आणि रुची लखनौला गेले नव्हते, नवे पाहुणे आणायला स्टेशनवर गेले होते. टेबलावरच्या मुलीला, म्हणजे मैत्रेयीला, मी सांगितलं की मला सर्दी आहे, दार वाजवू नकोस आणि कुणी माझ्यासाठी आलं तर मी रामनगरला गेले आहे असं सांग. त्या पोरीला खोटं बोलायला मी लावलं. गीताच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

मग मी माझ्या खोलीत गेले. आपली जुनी कोठीची खोली, जिथे तू लपायचीस. दोन वर्षं मी तिथेच राहते. आतून कडी लावली.

तुला बिनखर्चाचा दिवस हवा होता ना? तो त्या दिवशी मी एकटीनं घालवला. रबरी पिशवी गळते, म्हणून सरबताच्या जाड बाटलीत गरम पाणी भरलं, तिला तुझ्या दादाचा जुना मोजा चढवला आणि पायाशी घेतली. शेगडीवर गवती चहा उकळला. संत्र्याच्या साली तव्यावर टाकल्या, त्यानं खोलीला दिवाळीतल्या उटण्यासारखा वास येतो. तुझ्या दादाचा मरून रंगाचा स्वेटर उसवायला घेतला होता. ती लोकर वाफेवर धरली की तिची जुनी वळणं जातात. मग राहिलेले मोजे रफू करायला बसले. फ्यूज गेलेला बल्ब मोज्याच्या टाचेत घालायचा आणि त्यावर सुईनं आडवे-उभे धागे विणायचे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलेलं ते मी तुला शिकवलं होतं, तू बल्ब फोडला होतास. रेडिओ बारीक लावला होता. आणि इंदू, मी सुखात होते. तू गंगेवर होतीस त्या वेळी मी रजईत पाय गुंडाळून गुणगुणत होते. खरं लिही म्हणालीस.

मग तुझा आवाज आला. ऐकू येत नाही म्हणून तू मोठ्यानं बोलतेस. 'हे माझं माहेर आहे' हे मी भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकलं. रेडिओ बंद केला. उठून कडीला हात लावला. आणि परत येऊन बसले. तू बाकावर होतीस तितका वेळ मी तो मोजा रफू करत राहिले. टाच पुरी केली, धागा दातानं तोडला. तू गेल्यावरही मी तासभर बाहेर आले नाही. दुपारी उरलेल्या पोह्यांना तव्यावर वाफ आणली आणि जेवले. घास अडकला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. नाही अडकला.

का, हेही सांगते. खोल्या भरल्या होत्या, हे खरं, पण ते कारण नव्हे. तुला जागा कुठे द्यायची, हे मी आदित्यला विचारलंच नाही. तुझं पत्र घरात कुणाला दाखवलंसुद्धा नाही. घरातल्या खोल्या भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा नाश्ता मी करीन असं मीच म्हटलं होतं, कुणी भाग पाडलं नाही. पण तू ओट्याशी एप्रन बांधलेली मला बघशील, पाहुणे मला आंटी म्हणून हाक मारतात ते बघशील, याची मला लाज वाटली. गेल्या दिवाळीत दिल्लीच्या एका बाईनं मला स्वयंपाकीण समजून जाताना आपला जुना स्कार्फ दिला. मी या घरची आहे, असं तिला सांगता आलं असतं. मी छान इंग्रजीत आभार मानले आणि तो घेतला. रोज वापरते. तुझ्या आईनं मला या घरच्या किल्ल्या दिल्या त्या दिवशी तू बारा वर्षांची होतीस, माझा पदर धरून उभी होतीस. तुझ्या डोळ्यांत मी अजून तीच आहे, असं धरून बसले होते. ते मोडू नये म्हणून मी तुला दारातून परत जाऊ दिलं.

तुझं हे पत्र मात्र काल आदित्यला वाचायला दिलं. तो म्हणाला की आत्याला त्यानं स्वतःची खोली दिली असती, तो आणि रुची गच्चीवरच्या खोलीत झोपले असते, नुसतं सांगायचं होतं. रुची रडली. मैत्रेयीनं मला विचारलं की त्या आंटीजी खरंच घरच्या होत्या का. मी हो म्हटलं, तर ती म्हणाली की तिला तेव्हाच वाटलं होतं, कारण जाताना तू उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावलास.

हे मला माहीत नव्हतं.

क्षमा मागत नाही. ती देणं तुला सोपं जाईल, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणूनच मागत नाही. तू अजून कुणाच्या घरी गेली नसशील. माझ्यामुळे तू घरात अडकून आहेस, हे रोज सकाळी उठल्याबरोबर आठवतं. तू म्हणशील ते करीन. मी तिकडे येऊ का?

लोभ उरला असेल त्यात मी भागवीन.

तुझी,
शरदिनी


सातारा
६ फेब्रुवारी २०२४

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी निमिषनं विचारलं की काशीचं काय म्हणणं आहे. मी म्हटलं, थंडी आहे. दोन दिवस मी तुझ्याशी मनात भांडत होते. तिसऱ्या दिवशी भांडायला नवीन काही सुचेना.

पाटी बघून मला रडू आलं नव्हतं. घरात चार माणसं येतात-जातात, दिवे लागतात, चांगलंच आहे. दादा गेल्यावर त्या एवढ्या खोल्यांतून तू एकटी कशी वावरत असशील, या विचारानं मला झोप लागत नसे. एप्रनचं म्हणशील तर मी तुला लुगड्याचा बोंगा खोचून मोरी घासताना पाहिलंय, आईनं बोलल्यावर कोठीत जाऊन नाक शिंकरताना पाहिलंय. त्यानं माझ्या डोळ्यांतलं काही मोडलं नव्हतं. तू मला पाहुण्यांच्या रांगेत बसवलंस. ज्यांच्यापुढे नीट दिसायचं असतं, त्या माणसांत. ते लागलं.

मी घरातच आहे, तुझा अंदाज बरोबर. शेजारच्या संपदाच्या मुलीचं केळवण झालं, गेले नाही. समोर सत्यनारायण झाला, प्रसाद निमिषनं आणला. लोक म्हणतात मी जुन्या वळणाची झाले. मी रीत पाळते म्हणून नव्हे, वहिनी. दुखवटा आणखी कुणाकडून काढून घ्यावासा वाटला नाही, एवढंच. निमिषच्या सासूबाई दोनदा न्यायला आल्या. दोन्ही वेळा मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. तेव्हा आतून कडी लावणं मलाही जमतं.

तू इकडे येऊ नकोस. माहेरानं सासरी येऊन काढायचा हा दुखवटा नाही. मीच येते. बावीस तारखेला सकाळी गाडी पोचेल. निमिषला सोबत आणत नाही. आदित्यला म्हणावं, खोली रिकामी करायची नाही, त्याच्या पाहुण्यांना हलवायचं नाही. तुझ्या कोठीत तुझ्या पलंगाखाली गादी सरकवलेली असेल, ती ओढून घेईन. सकाळी तुझं काम असेल तर ते करत राहा, मी शेजारी बसून मटार सोलीन. कुणी विचारलं तर माझं नातं सांग, मोठ्यानं सांग, म्हणजे मलाही ऐकू येईल. दुपारी पुरण घाल. ते जमलं नाही तर गूळपोळी चालेल. तुला खीर चांगली येत नाही, ती करू नकोस.

राग पुरता गेलेला नाही. तो घेऊनच येते. माहेरी नाही न्यायचा, तर दुसऱ्या कुणाकडे नेणार?

तुझीच,
इंदू