माणूस बघून पुस्तक

तीर्थस्वरूप जयवंताताईस,

चौक गावाहून गजाचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत चमक येते, तरी वाकलो आहे असं समजावं.) तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आणि तू नवं घर चौथ्या मजल्यावर घेतलंस, यावरून तुझा स्वभाव तरी ठणठणीत आहे असं धरतो. भावजी पुण्याच्या थंडीत फिरायला जातात का? आमच्याकडे सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे. प्रकृती सोडून दुसरं काही उत्तम नाही, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस, आणि ही गोष्ट हसण्यासारखी नाही.

घर बदलताना तू तुझ्या कादंबऱ्यांची खोकी टेंपोत घालून माझ्याकडे पाठवलीस. वर सांगितलंस की गजा, जन्मभर कुंभिवलीच्या कंपनीत पत्र्याचे डबे तपासलेस, आता रिटायर झालास तर जरा माणसांकडे बघ. माणसाचं वय बघ, स्वभाव बघ, आणि माणूस बघून पुस्तक दे. मी ऐकलं. लहानपणापासून तुझं ऐकायची सवय आहे. ओटीवर फळ्या ठोकल्या, पुस्तकं लावली, आणि जो येईल त्याला नीट न्याहाळून पुस्तक द्यायला लागलो. ढाब्यावरच्या एका वेटरला भुताखेतांची कादंबरी दिली, तर तो रात्रपाळी सोडून आपल्या गावी निघून गेला. (ढाबेवाला आता माझ्याशी बोलत नाही.) शाळेतल्या एका बाईंना चांगली, जड, बक्षीस मिळालेली कादंबरी दिली. त्या मला बघितलं की रस्ता ओलांडतात, आणि आमचा रस्ता म्हणजे जुना हायवे आहे, म्हणजे जिवावर उदार होऊनच ओलांडतात. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण बाहेरच्या लोकांचं जमत नसेल तर घरच्यांचं जमेल, कारण त्यांचे स्वभाव आपल्याला माहीत आहेत, असा विचार मी केला.

आमच्या लेकीचं, रियाचं, लोधिवलीच्या साईराजशी ठरत आलं होतं, हे तुला माहीत आहेच. रिया कर्जतला दाताच्या दवाखान्यात कामाला जाते आणि साईराजचं हायवेला टायरचं दुकान आहे. मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू आणि शांत. इतका शांत, की पहिल्यांदा बघायला येऊन गेला तेव्हा आईने नंतर विचारलं, मुलगा आला होता का? रविवारी त्याच्या घरचे तारीख काढायला येणार होते. त्याआधीचे थोडे दिवस मी नुसता बसून राहिलो असतो तर आज हे पत्र न लिहिता तुला पत्रिका पाठवली असती.

आबा दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या बघतात आणि बातम्या सांगणाऱ्या बाईशी भांडतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या रक्तदाबाला हे बरं नाही, म्हणून मी त्यांना तुझी एक ऐतिहासिक कादंबरी दिली. जाड, कव्हरवर उधळलेला घोडा. ती त्यांना अशी लागली की टीव्ही बंद झाला. लढाई आली की मोठ्याने वाचायचे, तह आला की पानं उलटायचे. घरात शांतता पसरली आणि मला वाटलं, ताई म्हणते ते खरं आहे. मग एका दुपारी त्यांनी घोडा पालथा घालून ठेवला आणि मला हाक मारली.

“गजा, त्या लोधिवलीवाल्यांचं आडनाव काय रं?”

मी सांगितलं. (इथे लिहीत नाही. पत्र कुणाच्या हाती पडायचं.)

“मंग हे लग्न नाय.”

त्याचं असं झालं होतं, की त्या कादंबरीत किल्ल्याला वेढा पडतो आणि आतला एक माणूस चोरदरवाजा उघडून शत्रूला आत घेतो. त्या माणसाचं आडनाव साईराजचं. मी आबांना परोपरीने सांगितलं की ही कादंबरी आहे, लेखकाने मनाने रचली आहे.

“मनानंच रचायची होती तर त्याला दुसरं आडनाव नाय गावलं?”

ताई, तू तीस वर्षं मराठी शिकवलंस. या प्रश्नाला काही उत्तर असेल तर कळव. 

आबांना वळवू शकेल असं घरात एकच माणूस, ते म्हणजे आई. तिचं मन लग्नाकडे लागावं म्हणून मी तिला कौटुंबिक कादंबरी दिली. कव्हरवर हसरी नवरी होती. मी कव्हरच बघितलं, हे कबूल करतो. आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून आपल्या धाकट्या भावाची नम्रता (पाचवीत आहे, खणखणीत वाचते) दुपारी ती वाचून दाखवायची आणि आई ऐकत ऐकत तांदूळ निवडायची. कव्हर सोडून आत ती नवरी कुठेही हसत नाही. तिची सासू स्वयंपाकघराला कुलूप लावते आणि भाकऱ्या मोजून ठेवते. आई दुपारी रडायला बसायची ती दिवेलागणीला उठायची. त्या दिवसांत भात मला खारट लागत होता. (आमची ही, जागृती, म्हणते, असं काही नसतं, पण मला लागत होता.) नम्रता एवढं वाचते म्हणून बक्षीस म्हणून मी तिला लहान मुलांची हेरकथा दिली. ती तिने एका दमात संपवली आणि दुसऱ्या दिवसापासून ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या चपला उलट्या करून बघायला लागली.

रियाला मी काही दिलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दिलं. प्रेमकथा दिली. वयाला शोभेल म्हणून दिली. तिच्यातला नायक चांदण्याबद्दल सलग दोन दोन पानं बोलतो. रियाने ती कर्जतला जातायेता वाचली आणि साईराजला मेसेज टाकला की तुला माझ्याबद्दल काय वाटतं ते सविस्तर लिही. अर्ध्या दिवसाने उत्तर आलं. चांगलं वाटतं. रियाने तो फोन तिच्या आईसमोर धरला. जागृती म्हणाली, खोटं तरी नाही ना लिहिलेलं. रिया जेवली नाही.

शुक्रवारी साईराज स्वतः आला. माझ्या स्कूटरच्या टायरमधली हवा बघतो म्हणाला, ती बघून झाली तरी उकिडवा बसून राहिला. मग मान खाली घालूनच बोलला.

“काका, मला बोलाया जमत नाय. असं काय पुस्तक हाय का, ज्याच्यात कमी बोलणारा मानूस चालतो?”

ताई, मला भरून आलं. सगळी खोकी उपसून मी त्याला एक विज्ञानकथा काढून दिली. तिच्यात पृथ्वीवरची हवा संपत आलेली असते आणि एक माणूस ती साठवत असतो. नायक जवळजवळ बोलतच नाही, कारण बोललं की हवा खर्च होते. साईराजने पुस्तक शर्टाच्या आत घातलं आणि गेला.

रविवारी मंडळी आली. साईराज, त्याची आई, आणि वडील हर्षदभाऊ. चहा झाला, पोहे झाले. मी आबांच्या शेजारीच बसलो होतो, म्हणजे काही बोलले तर गुडघा दाबता येईल. पण आबांनी गोड आवाजात विचारलं, “पाव्हनं, तुमचं वाडवडील किल्ल्यावर होतं म्हनं?”

हर्षदभाऊ बिचारे खूश झाले. त्यांना वाटलं, घराण्याची चौकशी चालली आहे. म्हणाले, “नाय वो, आमी भातशेतीवाले. पण आजा सांगायचा, एक जण होता कुठल्या तरी गडावर. दरवाज्यावर.”

आबांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात आईने साईराजच्या आईला विचारलं की तुमच्याकडे भाकऱ्या कशा करता. ती माउली सरळ मनाने म्हणाली, “मोजूनच करते. वाया कशाला घालवायच्या?” आईने पदर तोंडाला लावला. आणि एवढं पुरेसं नव्हतं म्हणून नम्रता बाहेरून हर्षदभाऊंचा एक बूट घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की याला ओला चुना लागलाय, म्हणजे हे लोधिवलीहून सरळ आलेले नाहीत. हर्षदभाऊ खोटं बोलणारे नव्हेत. त्यांनी सांगून टाकलं की येताना कुंभिवलीला नवीन हॉल झालाय, रंगकाम चाललंय, तो बघून पक्का करून आलो.

“आमी हो म्हनायच्या आदीच हॉल?” आबा म्हणाले. आणि मग, गुडघा दाबेपर्यंत, “दरवाजा उगडायची सवयच हाय तुमाला.”

मंडळी उठली. तारखेचा विषयच निघाला नाही. साईराज जाताना उंबऱ्यात थांबला, रियाकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि हवा वाचवून निघून गेला. रिया आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी ओटीवर त्या फळ्यांसमोर बसून राहिलो. एवढ्या सगळ्या कादंबऱ्या, ताई, आणि त्यांतल्या पाचांनीच हे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साईराज कर्जतला दवाखान्याबाहेर जाऊन उभा राहिला आणि रियाला मोटरसायकलवरून घेऊन आला. वाटेत तो बोलला. चौकपर्यंत बोलला. हवेबद्दल. टायरमध्ये हवा कशी बसते, माणसाला किती लागते, त्या पुस्तकातल्या शहरात प्रत्येकाला रोज कशी वाटून देतात. दुसऱ्या मुलीने गाडी थांबवायला लावली असती. पण शेवटी म्हणे तो म्हणाला, “माझ्या वाट्याची तुला दिली असती.” रिया घरी आली आणि जागृतीला म्हणाली, मी याच्याशीच लग्न करणार. माझ्याकडे बघून म्हणाली, आणि आबांचं तुम्ही बघा, बाबा.

मी काय बघणार. बघितलं ते हर्षदभाऊंनी. अपमान गिळून तो माणूस आमच्या ओटीवर आला, आबांसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “बाबा, आमच्या मानसानं पुढं काय केलं ते मला वाचून दाखवा.” त्या माणसाने दरवाजा उघडल्यावर आबांनी पुस्तक मिटलं होतं, पुढचं वाचलंच नव्हतं. आता नाही कसं म्हणणार? रोज दुपारी वाचन सुरू झालं. दोन दिवसांनी असं निघालं, की दरवाजा उघडण्याआधी एक स्वार आला होता आणि त्याने त्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं ते लेखक लिहीत नाही. हर्षदभाऊ म्हणाले, बघा, वरून हुकूम होता. आबा म्हणाले, कानात मानूस काय बी सांगतो. दोघे इतके रंगले की चहा गार व्हायला लागला. शेवटच्या प्रकरणात त्या माणसाला दरबारात उभं करतात, सगळे श्वास रोखतात, आणि पानाच्या तळाशी लिहिलं आहे, “हुजूर म्हणाले,”

त्यानंतर पुठ्ठा आहे.

शेवटची पानं नाहीत, ताई. सुटून पडलेली असणार. मी सगळी खोकी झाडली. झुरळं निघाली. हुजूर काय म्हणाले ते निघालं नाही. मला वाटलं होतं, आता तरी दोघे हसतील आणि तारीख काढतील. पण आबा म्हणाले, हुजुरांचं कळल्याबिगर तारीख नाय. आणि हर्षदभाऊ, ज्यांनी खरं तर चिडायला हवं, तेच मान डोलावून म्हणाले, “बरोबर हाय. आमच्या बी घराण्याचा प्रश्न हाय.” आता दोघे रोज दुपारी ओटीवर बसून हुजूर काय म्हणाले असतील यावर वाद घालतात. साईराज रियाला रोज कर्जतहून आणतो आणि ओटीच्या पायरीवर उभा राहून दोघांकडे बघतो. आई विचारते, त्या पुस्तकातल्या बाईचं पुढं बरं झालं का? नम्रता म्हणते, पानं चोरीला गेली आहेत आणि तिचा संशय माझ्यावर आहे.

तेव्हा माझं एवढंच म्हणणं आहे, की ही खोकी तू परत ने. माणूस बघून पुस्तक देण्यासाठी माणूस दिसावा लागतो आणि तो मला दिसत नाही. मला डबेच दिसतात. यापुढे कुणालाही, कुठल्याही वयाच्या, कुठल्याही स्वभावाच्या माणसाला मी कादंबरी सुचवणार नाही. टेंपो कधी पाठवतेस ते कळव.

भावजींना नमस्कार. गुडघ्यांना जपून.

फळ्यांकडे पाठ करून ओटीवर बसलेला तुझा भाऊ,
गजा

ता.क. टेंपोची घाई नाही. आधी त्या घोड्याच्या कादंबरीची दुसरी प्रत पुण्यात कुठे मिळते का ते बघ. मिळाली की शेवट तू आधी वाच. चांगला असेल तरच पाठव.

ता.क. २. वाईट असेल तर, ताई, तू एवढी वर्षं मुलांना निबंध लिहायला लावलेस. हुजुरांच्या तोंडी चार शब्द घालणं तुला जड नाही. पानं थोडी पिवळी असावीत. बाइंडिंगचं मी बघतो.

ता.क. ३. हे पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात जागृती पावटे सोलता सोलता म्हणाली, सगळ्यांना दिलंत, मला नाही विचारलंत. मी म्हटलं, तुला काय आवडेल? तर म्हणाली, रडकं नको, खुनाचं नको, लढाई नको. ज्यात बाई घराबाहेर पडते, लांब कुठेतरी जाते, आणि कुणी तिला शोधायला येत नाही, असं काही आहे का? मी तेव्हापासून खोकी उपसतो आहे. तिने चष्मा पुसून ठेवला आहे. लवकर सुचव.