चुकीची प्रुफं

१४ नोव्हेंबर

ताई,

कशी आहेस? हे विचारायला नऊ वर्षं का लागली, असं विचारू नकोस. माझी तब्येत बरी, दुकानही बरं चाललंय. बाबांची नजर मात्र फार गेली आहे. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरच्याशी बोलताना त्याच्या कानाकडे बघून बोलतात.

त्यांच्यासाठी मी एक कॉम्प्युटर बांधला. मिळेल तो सगळ्यात वेगवान प्रोसेसर, चौसष्ट जीबी मेमरी. आणि त्यावर टाकली काय, तर वीस वर्षांपूर्वीची ऑपरेटिंग सिस्टिम! शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "माशी मारायला तोफ कशाला आणलीस रे?" खोटं नाही. त्या सिस्टिमला चौसष्टातली जेमतेम तीन जीबी दिसते, बाकीची नुसती बसून असते. तिला नवी डिस्क ओळखता येईना, पडद्याचं कार्ड ओळखता येईना. अर्ध्यावर आलं की सगळा पडदा निळा. भंगारातून जुनं कार्ड शोधून आणलं तेव्हा कुठे ती उभी राहिली. अठरा दिवस गेले.

जुनीच सिस्टिम का, तर त्यांचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतं. छापखाना सुटला तरी रोज सकाळी ते त्यावर बसतातच. कुठलं बटण किती वेळा दाबलं की काय उघडतं, ते बोटांना पाठ. नव्या सिस्टिमवर बसवलं तर म्हणाले, "घर आपलंच आहे रे, पण दारं कुणी हलवली?"

नव्या सिस्टिमवर बसवलंच कशाला, हे तू विचारणारच. तेच टाळत इथवर आलो.

जुना कॉम्प्युटर सारखा अडकत होता. बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. म्हटलं, येईपर्यंत सगळं पुसून नवं टाकू, खूश होतील. माझ्या दुकानात पाटी आहे, 'आधी कॉपी, मग दुरुस्ती.' गिऱ्हाइकाला मी ती मोठ्यानं वाचायला लावतो. घरी मात्र घाई केली. छापखान्याची कामं काढून ठेवली आणि एक फोल्डर सोडून दिलं, 'चुकीची प्रुफं' नावाचं. चारशेच्या वर फायली होत्या त्यात. ताई, आपल्या घरात चुकीची प्रुफं म्हणजे रद्दी. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आपण गणितं केली. मी एकही फाईल उघडून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ते फोल्डर मागितलं. मी हसून म्हटलं, "कशाला हवीत ती प्रुफं?" तर म्हणाले, "प्रुफं नाहीत. तुझ्या ताईला लिहिलेली पत्रं आहेत. दर रविवारी एक. एकही पाठवण्याजोगं जमलं नाही, म्हणून तसं नाव दिलं."

मी म्हटलं, "आहेत, जपून ठेवलीत." माझ्याकडची सगळी अवजारं लावून पाहिली, पण नव्या सिस्टिमखाली सगळं गेलं होतं. त्या धडपडीत जुनं यंत्रही कायमचं बंद पडलं. मग तोफ बांधायला घेतली. तोंडानं खोटं बोललो होतो, ते हातांनी भरून काढायला बसलो.

काल बाबा नव्या यंत्रावर बसले. बोटं न अडखळता फिरली. चेहरा उजळला त्यांचा. म्हणाले, "आता सगळी छाप. निवडत बसायला वेळ नाही माझ्याकडे. चुकांसकट पाठव तिला."

मग मात्र सांगावंच लागलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी बोटं बटणांवरून काढून घेतली. म्हणाले, "एखादं तरी वाचायचंस रे. कुणीतरी वाचायला हवं होतं."

मी आजवर इतका कधी रडलो नव्हतो.

त्यांनी तिथेच पुन्हा जुळणी सुरू केली. दुपार गेली, चार ओळी झाल्या. त्या इथे उतरवतो:

'मुली, तुझी आई गेली तेव्हा मीही जवळ नव्हतो. घरून फोन आला होता. एवढं पान संपवून येतो म्हणालो आणि उशिरा पोचलो. दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा "आता कशाला आलीस?" हे मी तुला विचारलं, ते मला कुणी विचारायच्या आत.'

मूळ कागद सोबत आहे. त्यात तीन चुका आहेत. दुरुस्त करू का म्हटलं, तर नको म्हणाले.

ताई, तो फोन मी केला होता. आईपाशी मी एकटा होतो. बाबा त्या दिवशी तुला ते बोलले, तू उंबऱ्यावरून उलट्या पावली वळलीस, तेव्हा खरं काय ते मला ठाऊक होतं. एक शब्द बोललो असतो तर तू थांबली असतीस. फायली चुकून पुसल्या; हे मात्र मी नऊ वर्षं जाणूनबुजून केलं.

त्यांना माफ कर, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आलीस तर त्यांच्यासाठी ये. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तुझा,
त्या दिवशी बाबांच्या मागे गप्प उभा राहिलेला,
धाकटा