वादळ माझी जोडीदार

११ फेब्रुवारी
पैसे भरले! ‘नवशिक्यांसाठी मॅरेथॉन – घरबसल्या ऑनलाइन प्रशिक्षण.’ नवरा चहा पिता पिता ठसकला. म्हणे, “तू? कोपऱ्यावर दूध आणायलाही तू गाडी काढतेस!”
खोटं नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलची बाई. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जादाचा ब्रेक दाबायचा. अंगात धडधाकट काय, तर उजवं पाऊल.

१५ फेब्रुवारी
कोच फोनमधून सारखा हसतो. “थकवा ही फक्त एक भावना आहे!” असेल. माझे गुडघे मग फारच भावनाप्रधान निघाले.

१६ फेब्रुवारी
गेले नाही.

१७ फेब्रुवारी
गेले नाही. बूट बाहेर काढून ठेवले – तेवढंच.

२२ फेब्रुवारी
एकट्याचा उत्साह लवकर आटतो म्हणून कोचने प्रत्येकाला त्याच भागातला एक जोडीदार दिलाय. रोज एकमेकांना निरोप लिहायचा. खरी नावं नाहीत, टोपणनावं. मी ‘खारूताई’. माझी जोडीदार ‘वादळ’. वादळाचा पहिलाच निरोप – “आज दिव्याच्या खांबापर्यंत पळाले आणि खांबाला मिठी मारली.”
बाई आवडली!

९ मार्च
वादळ नसती तर मी केव्हाच हात टेकले असते. गजर बंद करून पांघरूण ओढावं, तर हिचा निरोप – “रडतेय. पण बूट घालून रडतेय.” मग मेलं उठावंच लागतं.
आज तिच्याजवळ मन मोकळं केलं. जाऊबाईंबद्दल. वरच्या मजल्यावर राहतात, दोन वर्षं बोलणं बंद. मी त्यांना गाडी शिकवत होते, त्यांनी ती सरळ आमच्याच फाटकात घातली. वर मलाच – “ब्रेक तुझ्याकडेही होता!” मी म्हटलं, “पण डोळे तुमच्याकडे होते!” झालं. तेव्हापासून जिन्यात भेटलो तरी भिंतीकडे बघतो.
एवढं रामायण कुठे लिहायचं? वादळाला इतकंच लिहिलं – “आमच्या डोक्यावर एक बया राहते. चालते की म्हैस नाचते, कळत नाही.”
तिचं उत्तर – “आमच्या पायाखाली एक आहे. तोंड उघडलं की हॉर्न!”
पोट दुखेस्तोवर हसले. समदुःखी मिळायलाही नशीब लागतं.

२६ मार्च
सगळ्यांचा एकत्र व्यायाम, आपापल्या घरात. कोच म्हणाला, “उडी!” – छतावर धप्प. “उडी!” – धप्प. पंखा हलला. मी थांबले. वर चालूच. खिडकीशी जाऊन कान दिला, तर कोचचा आवाज वरूनही येतोय.
लगेच लिहिलं – “वादळ, पाय दोनदा आपट ना जरा.”
धप्प. धप्प.
मेले!

२७ मार्च
निरोप नाही. पळणं नाही. पाय का आपटायला लावले, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नाहीत. म्हैस म्हटलंय मी. थोरल्या जावेला! आणि त्यांनी मला हॉर्न. म्हणजे फिटंफाट. पण वादळ गेली ना.

३० मार्च
सकाळी फाटकाशी जाऊबाई. पायात बूट. मी उलट पावली फिरणार, तोच –
“म्हैस निघालीय. हॉर्नला यायचंय का?”
गेले. काय करणार! खांबापर्यंत दोघी पळालो. तिथे गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो.
“ब्रेक… तुझ्याकडेही… होता.”
“डोळे… तुमच्याकडे…”
पुढचे शब्द फुटेनात. धाप लागली की भांडता येत नाही, हा शोध आज लागला. आधी त्याच हसल्या.

१८ जुलै
लांबचं पळणं. परतीच्या वाटेवर दोघी बस थांब्यावर कोसळलो. इतक्यात माझा एक शिकाऊ गाडी घेऊन हजर – “मॅडम, घरी सोडू?” जाऊबाई दार उघडायला निघाल्या होत्या! हाताला धरून मागे ओढलं. तो वळणावर गाडी बंद पाडून बसला. आम्ही त्याच्या बाजूने पळत पुढे गेलो. मॅरेथॉनमध्ये कुणाला मागे टाकू असं वाटत नाही, त्यामुळे हा आनंद पुरवून वापरतोय.

२२ नोव्हेंबर
पूर्ण केली!! संपूर्ण! शेवटच्या वळणावर जाऊबाईंच्या पोटरीत गोळा आला. मी ओरडले, “घाबरू नका! पहिला गियर! हळूहळू क्लच सोडा!” – आणि सुटल्या की हो! तिकडे मांडव उतरवत होते. एक माणूस म्हणाला, “ताई, आटपा, कमान काढायचीय.” हातात हात घालून कमानीखालून गेलो. नवरा आणि भावजी दोघंही रडत होते. पळालो आम्ही, रडतात हे!

४ डिसेंबर
भावजींची बदली झाली. खूप लांब. सामानाचा ट्रक उद्या येतोय.
दुपारी वर जाऊन भांडी कागदात गुंडाळू लागले. तिसऱ्या पातेल्याला हात चालेना. खोक्यावर बसून राहिले.
जाऊबाई शेजारी टेकल्या. म्हणाल्या, “रड. आज बूट नाही घातलेस तरी चालेल.”