डोंगरापलीकडचा ताप

तीर्थरूप दादास,

धाकटीचा रागासकट नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल, वहिनींचा खोकला गेला असेल, असं मी धरून चालते, कारण आज चौकशी करत बसायला मला वेळ नाही. आज मला भांडायचं आहे आणि डॉक्टरांशी भांडता येत नाही (ते मध्येच पुढच्या पेशंटला आत बोलावतात), म्हणून तुला लिहिते आहे.

तुझे मेहुणे तापाने फणफणले आहेत. शाळेच्या मैदानाचं गवत राखायचं ह्यांचं काम तुला ठाऊकच आहे. त्याच मैदानाला तू एकदा गुरांचं कुरण म्हणालास आणि तेव्हापासून तुझं नाव काढलं की हे भिंतीकडे तोंड फिरवतात. तर गवत कापून आल्यावर ह्यांच्या गुडघ्यामागे मला एक काळा ठिपका दिसला. हे म्हणाले, चामखीळ आहे. मी पडदे शिवणारी बाई, दोरा हातात होताच. चामखिळीला बांधतात तसा रेशमी दोरा करकचून बांधला आणि ती गळून पडायची वाट बघत बसलो. ती गळायची सोडून रोज फुगत गेली (हे आरशात बघून कौतुकही करायचे). मग एका सकाळी ती दोऱ्यासकट चादरीवरून चालत निघालेली दिसली.

गोचीड होती मेली. मी ती बटणांच्या डबीत बंद केली. पुढे ह्यांना हुडहुडी भरून ताप आला, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी केली, ती स्वच्छ आली, आणि मलेरिया नाही म्हणजे काहीच नाही असा निकाल लागला. मी डबी उघडून पुढे धरली. तिच्याकडे न बघताच त्यांनी मला समजावलं की गोचीड चावून रक्तात परजीवी शिरतो आणि असा ताप येतो हे खरं, पण तो डोंगरापलीकडे, म्हणजे तुझ्या बाजूला. इकडे तो नसतो. तिकडे जाऊन आलेल्यांचंच रक्त त्यासाठी तपासतात. म्हणजे इकडच्या हिवाळ्यातली थंडी पळाली, डोंगरापलीकडची हरणं शाळेच्या कुंपणापर्यंत यायला लागली, ते सगळं चालतं, पण गोचिडीने मात्र डोंगर ओलांडताना डॉक्टरांची परवानगी काढायची. हे मी त्यांना तोंडावर सुनवायला हवं होतं. प्रत्यक्षात 'बरं' म्हणून बाहेर आले आणि त्याचाच संताप जास्त आहे.

तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. मन मोकळं केलं, इतकंच.

तुझी,
अजून धुमसणारी बहीण

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. परवा ह्यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले आणि हे नुकतेच तुझ्याकडे राहून आले, असं ठोकून दिलं. तेवढ्या तापात हे उठून बसले, "मी त्या माणसाच्या घरात पाऊल टाकलेलं नाही." मी म्हटलं, बघा डॉक्टर, बरळायला लागलेत. लगेच रक्त घेतलं, परजीवी सापडला, औषध सुरू झालं, ताप उतरतोय. तेव्हा दवाखान्यातून फोन आला तर हे आले होते, तुझ्या गवतातून हिंडले, असं सांग.

ता. क. दुसरा. वरचं अजिबात सांगू नकोस. मैदान बंद ठेवा, फवारणी करा, म्हणून मी शाळेत गेले होते. मुख्याध्यापकांनी दवाखान्यात विचारून घेतलं होतं. हा ताप बाहेरून आलेला आहे, मैदानाचा संबंध नाही, असं म्हणाले. म्हणजे माझ्याच थापेने मैदानाला क्लीन चिट दिली. डॉक्टरांना खरं सांगायला धावले, तर ते म्हणतात, ताई, तुम्ही रोज वेगळं सांगता. आता माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ह्यांना तर मीच बरळणारे ठरवून ठेवलंय. उरलास तू. तूच डॉक्टरांना फोन कर, तुझं-ह्यांचं भांडण पहिल्यापासून सांग, आणि हा माणूस माझ्या दारात कधीच आला नाही असं ठणकावून सांग. (हे अंथरुणातून म्हणतायत, मी तेव्हाच सांगत होतो.) आजच कर, दादा. सोमवारपासून शाळेचे खेळ सुरू होतायत आणि पोरं हाफ पँटमध्ये त्याच गवतात लोळतात.