संख्याशास्त्र की संख्यासिद्धांत?

ता. ३ ऑगस्ट
चि. खिटीस अनेक उत्तम आशीर्वाद.
सात कड्यांचं आकडी कुलूप, नऊ तरफांची तिजोरी, किल्ली उलटी फिरवल्यावरच उघडणारी पेटी आणि तू रुसून बसायचीस ते उंच स्टूल: हे सगळं मी या हातांनी केलं, कॉलेजची पायरी न चढता. सांगायचं कारण, गुप्तलेखनाच्या अभ्यासाआधी कोणतं गणित घ्यावं, हे तू काकाला विचारलंस असं आईकडून कळलं. बाप जन्मभर कुलपांत, आणि विचारायचं कुणाला? किल्ली आत ठेवून कपाट लावणाऱ्या प्रोफेसरला! ते कपाट मीच उघडलं, एक ओरखडा न पाडता. मी जूनमध्येच सांगितलं होतं, संख्याशास्त्र घे. त्यात काकाचं काय अडलंय?
मुळीच न रागावलेला,
बाबा

ता. ९ ऑगस्ट
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.
रागावला नाहीत हे तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. काकांना मी आधी विचारलंच नव्हतं. तुमचं ऐकून फॉर्म भरला. पहिल्या तासाला सरासरी, दुसऱ्याला जनगणना. कुलूप कुठेच नाही. तेव्हा काकांकडे गेले. घोळ नावाचा निघाला: संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स. आपल्याला हवा तो संख्यासिद्धांत: मूळ संख्या, भागाकार आणि बाकी. दहा आकड्यांचं कडं शून्यापासून बारा घरं फिरवलं तरी दोनावरच येतं, हे तुम्ही शिकवलंत ना, तेच. मी तसं सांगितलं तर काका म्हणाले, मग निम्मं तुला येतंच. सोबत अमूर्त बीजगणित घ्यायचं, त्यासाठी गणित विभागात बदली हवी. तिथली फी दुप्पट. ती काका भरायला तयार आहेत, राहायलाही त्यांच्याकडेच बोलावतात. मुदत वीस तारखेची. तुम्ही हो म्हणालात तरच जाईन.
लोभ आहेच, तो वाढावा; राग तेवढा कड्यासारखा शून्यावर आणावा.
तुमची,
खिटी

ता. १४ ऑगस्ट
चि. खिटीस अ. उ. आ.
चूक माझी. तीन शब्दकोश पाहिले, तिन्ही तुझ्या बाजूचे. संख्यासिद्धांत घे, बीजगणितही घे. यात काकाचं बरोबर आहे. हे वाक्य त्याला दाखवायचं नाही. तुझ्या पत्रात काका चार वेळा आला, बाबा फक्त मायन्यात. तू नापास झालीस तर सोसेन. त्याची झालीस तर नाही. बदलीचा अर्ज आजच दे. वसतिगृहातली खाट सोडू नकोस. बंद केलेली तिजोऱ्यांची दुरुस्ती सोमवारपासून पुन्हा घेतोय, फी त्यातून निघेल.
तुझाच,
बाबा

ता. क. काकाचं मलाही पत्र होतं. फी, पुस्तकं, राहणं धरून तीनही वर्षांचा खर्च देतो, परत नको, असं म्हणाला. मी नको म्हणून कळवलं. सहा लाख चाळीस हजार.