वरच्या मुठीचं सांबार अन् तीन खिडक्या

तानुबाई, सगळ्यात पयले टपकली ती आमच्या शेजारची बेबीताई. पाहुणे अमरावतीहून निघाले असतील-नसतील, अन् ही हातात पोह्याचा गंज घेऊन दारात उभी! (थांबा, नमस्कार राहिलाच. तुमच्या भावजयीचा, चतुरेचा, वाकून नमस्कार. गुडघा वाकत नाई, तवा मनातच वाकली असं समजा. तुमचा दमा कसा हाय? दर्यापूरची हवा मानवत नसंल तं इकडं अकोल्याले या, इकडची धूळ खाऊन पाहा.) तं बेबीताईले वाटलं, आपल्या प्राजक्ताले पाहाले पोरगा येऊन राहिला. मी म्हणलं, बाप्पा, पोरीले नाई, पोरीनं बनवलेला गेम पाहाले येऊन राहिले. तं म्हणे, "चतुराबाई, गेम पाहाले आलेले पोहे खातात का?" मी म्हणलं, तुमी आणलेच हाय तं खातील.

तुमच्या लेकानं, शालिकरामनं, पुण्याच्या हापिसात माह्या नातीसाठी, प्राजक्तासाठी, जागा पाहून ठेवली अन् जबाब मांगून राहिला, हे तुमाले ठाऊकच हाय. अन् या अमरावतीच्या कंपनीले गेम पसंत पडला, तं प्राजक्ता इथंच घरात बसून त्यांचं काम करणार. म्हणून पाहुण्यांची एवढी धास्ती. मले पोट्टीले अडवून ठेवाचं नाई हां! जाऊ दे पुण्याले. (मी एकदा गेली होती. भाजीवाल्यानं मेथीची जुडी अशी देली जशी औषधाची पुडी, अन् वर एक मिरची नाई. घरात बारसं व्हावं अन् घुगऱ्या वाटू नये, तसं वाटलं.)

आता गेम म्हणजे काय ते सांगते. दोन यत्ता शिकलेलीले समजला तं तुमाले समजनच. लॅपटॉपवर एकाच गेमच्या तीन खिडक्या उघडतात. एकीत भाजीची वाडी. दुसरीत कोठी, तोडलेला माल तिथं. तिसरीत बजार, तिथं गिऱ्हाइकं येतात अन् भाव करतात. बजारात बसणारी मी. (जलमभर बसली, आता खुर्चीवर बसते, एवढाच फरक.) पयले-पयले या खिडक्या एकमेकीशी बोलतच नव्हत्या, एका घरातल्या रुसलेल्या जावांसारख्या. जिचं-तिचं जिच्या-तिच्या पदरात. मी बजारात वांगे विकून मोकळी, अन् कोठीत वांगे तसेच! मी तेच पुन्हा विकले. मले लय आवडलं होतं ते, पण प्राजक्ता कपाळाले हात लावून बसली. मंग तिनं तिन्ही खिडक्यांच्या मांगं एक सामायिक जागा केली. आता कोणतीच खिडकी आपल्यापाशी काई दाबून ठेवत नाई. काई झालं की तिथं सांगते, काई पाह्याचं असलं की तिथंच इचारते. इकडं वांगं विकलं की तिकडं कोठीतून कमी. जावा बोलाले लागल्या म्हणा ना.

तं पाहुणे आले. रागिणी मॅडम कंपनीच्या मोठ्या, अन् संगं गजेंद्र नावाचा पोरगा, ज्वारीच्या ताटासारखा लांब. (बेबीताईनं त्याले खालून वरपर्यंत मोजलं अन् माह्या कानात म्हणे, "उंची बरी हाय." मी कोपर मारलं.) मॅडम म्हणाल्या, आजी, तुमीच चालवून दाखवा. मी पदर खोचला, माउस धरला अन् दुकान लावलं. गिऱ्हाईक आलं, मेथी देली, वरून सांबाराची मूठ देली. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे शालिकरामच्या बायकोले समजावून सांगजा, ती पुण्याची हाय.) वरच्या मुठीचं बटन प्राजक्तानं खास माह्यासाठी केलं, नाई तं मी बजारात बसलीच नसती. दुसरं आलं, मूठ. तिसरं भांडलं, गेलं, परत आलं, त्यालेही मूठ. माहा हात मोकळाच सुटला!

मॅडम मातर वाडीची खिडकी पाहून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "काहो प्राजक्ता, आजीनं एवढं सांबार वाटलं, अन् वाफा तसाच हिरवागार कसा?" बेबीताईचं चावणं थांबलं. प्राजक्ताचं तोंड लाल. तिनं आपल्या लिहिलेल्या ओळी खालीवर केल्या, अन् मंग एकदम हसाले लागली. म्हणे, "मॅडम, वांगं, मेथी, टमाटर, सारं सामायिक जागी ठेवलं, वरची मूठ ठेवलीच नाई. आमच्या घरात ते कोणी हिशेबात धरतच नाई, मले सुचलंच नाई!"

मॅडम म्हणाल्या, मंग आता मूठ मोजा अन् तिचा भाव लावा. इथं माहं टाळकं सरकलं. मी म्हणलं, "बाई, मोजलं की ते वरचं राह्यत नाई, मालच होते. तुमची माय वरचं सांबार मोजून घेत होती का?" तं मॅडम खुदकन हसल्या. म्हणे, "नाई हो आजी, माही माय तं दोन मुठी मांगत होती." गजेंद्रले पोह्याचा ठसका लागला. शेवटी तोड काढली प्राजक्तानंच. म्हणे, आजी, तू नको मोजू, पण देल्लं ते वाडीले कळलं तं पाहिजे. वाफा तेवढा उपटलेला दिसंल, आकडा कुठंच दिसणार नाई. मले पटलं. वाफ्याले माहीतच असते.

पण घाईघाईत तिनं तिथंच काई बदललं, मी मूठ देली, अन् सांबार जागच्या जागी, वांगे सारे गायब! मॅडम उठल्या. नाई म्हणल्या नाई, हो म्हणल्या नाई. म्हणे, "एका खिडकीत देल्लं ते तिन्ही खिडक्यांत खरं दिसू द्या, मंग गेम आमचा अन् प्राजक्ताही आमची." बेबीताईनं हे शेवटचंच धरलं, अन् पाहुणे चपला घालेपर्यंत गल्लीत साखर वाटून आली.

तुमची भावजय,
चतुरा

ता. क. : शालिकरामले सांगजा, पाहुणे परत येईपर्यंत पुण्याचा जबाब मांगू नको. मी सांगतलं म्हणून नाई, तुमच्या मनचं म्हणून सांगजा. इकडं वांगे परत आले, वाफाही कमी व्हाले लागला, पण तिसऱ्या मुठीले बजार अडकते. मी इचारलं, हात आखडता घेऊ का? तं पोट्टी म्हणे, "आजी, तू देत राह्य."

आणखी : वर मी लिहिलं की पोट्टीले अडवून ठेवाचं नाई, ते कागदावर बरं दिसते म्हणून लिहिलं. गेलीच तं शालिकरामच्या घरी एक खाट जास्तीची मावते का, इचारून ठेवजा. मले जागा थोडीच लागते, अन् तिच्या बजारात बसाले कोणी पाहिजे ना!

अन् हो, पाहुणे गुरुवारी येतो म्हणाले. गाडी सुरू झाल्यावर गजेंद्रनं काच खाली करून पुन्हा सांगतलं, "आजी, गुरुवारी. पक्कं गुरुवारी."